‘आर्व्हो’, ‘सर्व्हो’ आणि ‘मेट’: ऑस्ट्रेलियन बोली चालते तरी कशी?

ऑस्ट्रेलियात नव्याने गेलेल्या लोकांमध्ये एक प्रसंग वर्षानुवर्षं सांगितला जातो. शेजारी जेवायला बोलावतात आणि जाता जाता म्हणतात, ‘ब्रिंग अ प्लेट’. पाहुण्यांना वाटतं, यांच्याकडे ताटं कमी पडत असतील. ते घरातल्या चार स्वच्छ थाळ्या घेऊन हजर होतात. तिथे गेल्यावर दिसतं की प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणलाय, आणि ‘प्लेट’ म्हणजे तोच. हा प्रसंग कधी इटलीहून आलेल्या कुटुंबाच्या नावावर सांगतात, कधी व्हिएतनामहून, कधी भारतातून आलेल्या.

२०२१ च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक नोंदले गेले. त्या वेळी परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर भारताचाच क्रमांक लागला, चीन मागे पडला. त्यात मराठी घरांतली मुलं-मुली भरपूर आहेत: कुणी शिकायला गेलेलं, कुणी आयटीत, कुणी नर्सिंगमध्ये. यातले बहुतेक जण इंग्रजीची कठीण परीक्षा देऊन, चांगले गुण मिळवून गेलेले असतात. तरीही पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचं बोलणं डोक्यावरून जातं.

यावर सहसा एकच उपाय सुचवला जातो, शंभर शब्दांची यादी पाठ करा. माझ्या मते तो उपाय अपुरा आहे. हे शब्द रोज नव्याने घडवले जातात, त्यामुळे यादी कायम मागेच राहते. ते घडतात कसे आणि कशासाठी वापरले जातात हे एकदा कळलं, तर कधी न ऐकलेला शब्दही बऱ्याचदा उलगडतो.

आधी एक व्याख्या करून टाकू. ‘स्लँग’ म्हणजे औपचारिक लिखाणात न येणारे, पण ओळखीच्या माणसांत सर्रास चालणारे शब्द आणि वाक्प्रचार. पुढे मी त्याला नुसतं ‘बोली’ म्हणेन.

### शब्दाला शेपूट जोडण्याची सवय

आपल्याकडे प्रकाशचा पक्या होतो, सुरेशचा सुऱ्या, दिनेशचा दिन्या. नावाचा पुढचा तुकडा घ्यायचा, त्याला ‘या’ जोडायचा. ऑस्ट्रेलियन माणूस नेमकं हेच करतो, फक्त त्याची शेपटं ‘ओ’ आणि ‘ई’ ही आहेत, आणि तो ती माणसांपुरती ठेवत नाही. दुपार म्हणजे आफ्टरनून, तिचं झालं ‘आर्व्हो’. पेट्रोल पंप म्हणजे सर्व्हिस स्टेशन, त्याचं ‘सर्व्हो’. ब्रेकफास्ट ‘ब्रेकी’, बार्बेक्यू ‘बार्बी’, गॉगल म्हणजे सनग्लासेस ‘सनीज’. गाडीची नोंदणी म्हणजे रजिस्ट्रेशन, ते ‘रेजो’. कामगारांची चहाची सुट्टी ‘स्मोको’, मग कुणी विडी-सिगारेट ओढत असो वा नसो.

व्यवसायांची नावं तर जवळजवळ सगळीच अशी आहेत. टपाल आणणारा ‘पोस्टी’, कचरा नेणारा ‘गार्बो’, रुग्णवाहिकेवरचे लोक ‘ॲम्बो’, आग विझवणारे ‘फायरी’, पत्रकार ‘जर्नो’, ट्रकचालक ‘ट्रकी’, गवंडी ‘ब्रिकी’. सुताराला ‘चिपी’ म्हणतात ते लाकडाच्या ढलप्यांवरून आणि इलेक्ट्रिशियनला ‘स्पार्की’ ते ठिणगीवरून. हातात कौशल्य असलेले हे सगळे मिळून ‘ट्रेडी’.

‘ओ’ कधी आणि ‘ई’ कधी, याचा पक्का नियम नाही. तो कानानेच शिकावा लागतो. पण एक खूण कामाची आहे: मधला ‘स’ बऱ्याचदा ‘झ’ होतो. मॉस्किटो म्हणजे डास, तो ‘मॉझी’. आपले समालोचक ‘ऑसी’ म्हणतात, पण तिथले लोक स्वतःला ‘ऑझी’ म्हणवतात. नावात ‘र’ असेल तर तोही ‘झ’कडे वळतो: बॅरीचा ‘बॅझा’, गॅरीचा ‘गॅझा’, शॅरनची ‘शॅझा’.

मॅकडॉनल्ड्सला तिथे सगळे ‘मॅकाज’ म्हणतात. हे इतकं रुळलेलं होतं की जानेवारी २०१३ मध्ये कंपनीनेच आपल्या काही दुकानांच्या पाट्या बदलून त्यांवर ‘मॅकाज’ लिहिलं.

### हा आळस नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. उन्हाळा कडक, माश्या तोंडात जातात म्हणून लोक तोंड कमी उघडतात आणि शब्द आखूड करतात, असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही, आणि ते कळायला क्रिकेटपटूंची नावं पुरेत.

शेन वॉर्नचं आडनाव एका झटक्यात उच्चारता येतं, पण त्याचे सहकारी त्याला ‘वॉर्नी’ म्हणत. बून या छोट्याशा आडनावाचं ‘बूनी’ झालं. रामचा राम्या होतो तेव्हा नाव वाढतंच की! म्हणजे श्रम वाचवणं हा हेतू नाही. हेतू आहे अंतर कमी करण्याचा. गिलख्रिस्टला ‘गिली’ आणि हेडनला ‘हेडॉस’ म्हणणारा माणूस सांगत असतो, आपण एका गोटातले आहोत.

इथे आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. पक्याचा प्रकाशराव झाला की त्याला ‘पक्या’ म्हणायचा हक्क दोन-चार बालमित्रांपुरता उरतो. ऑस्ट्रेलियात पद वाढलं तरी ते नाव सुटत नाही. पंतप्रधान अँथनी अल्बानीझी देशभर ‘ॲल्बो’ आहेत. त्यांच्या आधीचे स्कॉट मॉरिसन ‘स्कोमो’ होते. त्यात अपमान नसतो. उलट ज्याला असं नाव मिळत नाही, त्याला लोकांनी अजून आपलं मानलेलं नाही असाही अर्थ निघतो.

### हे शब्द आले कुठून?

जानेवारी १७८८ मध्ये ब्रिटिश जहाजांचा पहिला ताफा कैदी घेऊन सिडनीच्या किनाऱ्याला लागला. १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० कैदी तिकडे पाठवले गेले. त्यातले कितीतरी लंडनच्या गल्ल्यांतले भुरटे चोर. त्यांची आपसातली सांकेतिक भाषा होती, तिला ‘फ्लॅश’ म्हणत. पहिल्या ताफ्यातले अधिकारी वॉटकिन टेंच यांनी १७९३ साली छापलेल्या वृत्तांतात नोंदवलं आहे की सुरुवातीच्या न्यायालयांत साक्षीदाराची जबानी आणि कैद्याचा बचाव समजावून सांगायला वारंवार दुभाष्या लागे. दोन्ही बाजूंना इंग्रजीच, तरी दुभाष्या! पुढे जेम्स हार्डी वॉक्स नावाच्या कैद्याने न्यूकॅसलच्या वसाहतीत असताना १८१२ मध्ये या भाषेचा छोटा कोश तयार केला. तो १८१९ मध्ये लंडनला छापला गेला. ‘स्वॅग’ म्हणजे चोरीच्या मालाचं गाठोडं हा शब्द त्यात आहे. ऑस्ट्रेलियात त्यातली चोरी गळून गेली आणि पाठीवर वळकटी बांधून कामाच्या शोधात गावोगाव हिंडणारा मजूर ‘स्वॅगमन’ झाला.

म्हणून ही चोरांची भाषा म्हणायची का? तसं म्हणणं अर्धवट ठरेल. कैद्यांबरोबर आणि त्यांच्यामागून आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतले लोक आले. १८५१ मध्ये सोनं सापडल्यावर तर जगभरातून झुंबड उडाली. ‘फेअर डिंकम’, म्हणजे ‘खरंच, अगदी अस्सल’, हा प्रयोग चिनी खाणकामगारांकडून आला अशी कथा खूप फिरते. ती चुकीची आहे. ‘डिंकम’ हा इंग्लंडच्या मधल्या भागातल्या बोलीतला शब्द, अर्थ ‘काम’. ‘फेअर डिंकम’ म्हणजे वाट्याला आलेलं रास्त काम. त्यावरून पुढे ‘सच्चं’ असा अर्थ आला.

तिसरा झरा मूळ रहिवाशांच्या भाषांचा. १७८८ मध्ये त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. लांबवर हाक मारायची ‘कूई’ सिडनी परिसरातल्या धारुग भाषेतली. ‘हार्ड यॅका’ म्हणजे ढोर मेहनत. यातला ‘यॅका’ ब्रिस्बेनजवळच्या यागारा भाषेतला, आणि नादुरुस्त वस्तूला म्हणतात तो ‘बंग’ही तिथलाच. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात त्या हिरव्या-पिवळ्या ‘लव्हबर्ड’ पक्ष्यांतले बहुतेक मुळात ऑस्ट्रेलियातले बजरिगार असतात. ते नाव गमिलराय भाषेतून आलं असं मानतात, आणि त्यालाही शेपूट लागून ‘बजी’ झालं.

इथे कांगारूची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मराठीतही फिरते. इंग्रजांनी विचारलं, हा प्राणी कोणता? स्थानिक म्हणाला ‘कांगारू’, म्हणजे ‘मला समजत नाही’. ही गोष्ट खोटी आहे. १७७० मध्ये जेम्स कुकचं जहाज दुरुस्तीसाठी आजच्या कुकटाउनजवळ थांबलं होतं. तिथल्या गूगू यिमिथिर भाषेत मोठ्या जातीच्या एका कांगारूला ‘गंगुरू’ म्हणतात, आणि भाषेच्या अभ्यासकांनी ते विसाव्या शतकात तिथे जाऊन पडताळलं. स्थानिक माणसाने अचूक उत्तर दिलं होतं. त्याला अडाणी ठरवणारी कथा इतकी वर्षं चालली, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्या भाषांनी हे शब्द दिले, त्यातल्या बऱ्याच भाषा बोलणारे आज फार थोडे उरले आहेत.

### ‘मेट’ म्हणजे मित्रच ना?

कधी कधी. ‘मेट’ बस चालकाला म्हणतात, दुकानदाराला म्हणतात, ज्याचं नाव आठवत नाही त्याला म्हणतात. सूर बदलला की अर्थ फिरतो. लांबवलेला, हसरा ‘मे-ए-ट’ म्हणजे किती दिवसांनी भेटलास! तुटक, खालच्या पट्टीतला ‘लुक, मेट’ म्हणजे आता भांडण जवळ आलं. वाहतुकीच्या सिग्नलवर काच खाली करून कुणी असं म्हणालं, तर तो मैत्री करायला आलेला नसतो.

या एका शब्दावर राजकारण झालंय. १९९९ च्या सार्वमताच्या वेळी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत ‘मेटशिप’ हा शब्द हवा होता. तो फार पुरुषी आहे असा आक्षेप आला, आणि अंतिम मसुद्यातून तो गळला. २००५ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना आदेश निघाला की येणाऱ्यांना ‘मेट’ म्हणू नका. दोन्ही बाजूंचे नेते इतके खवळले की आदेश एका दिवसात मागे घ्यावा लागला.

रक्षकाने खासदाराला ‘सर’ न म्हणता ‘मेट’ म्हणावं, हा त्यांना आपल्या लोकशाहीचा भाग वाटतो. स्वतःची उंची मिरवणाऱ्याला तिथे ‘टॉल पॉपी’ म्हणतात, शेतातलं सगळ्यांत उंच वाढलेलं खसखशीचं रोप. त्याला छाटायला लोक टपलेले असतात.

### शिवी देऊन सलगी कशी होते?

‘ब्लडी’ हा शब्द इतका सर्रास चालतो की २००६ मध्ये सरकारी पर्यटन विभागाने जगभरातल्या जाहिरातीत तो वापरला: इतकं सगळं तयार आहे, मग तुम्ही ‘ब्लडी हेल’ आहात कुठे? ब्रिटनमध्ये ती टीव्हीवर काही काळ अडवली गेली.

‘बास्टर्ड’चं प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘लकी बास्टर्ड’ म्हणजे नशीबवान लेकाचा, ‘पुअर बास्टर्ड’ म्हणजे बिचारा. आपल्या कानाला मात्र तो जन्मावर आणि आईवर गेलेला वाटतो. जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी आठवा. हरभजन सिंग आणि अँड्र्यू सायमंड्स यांचा वाद सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच सामन्यात ब्रॅड हॉगवरही आरोप झाला होता, कुंबळे आणि धोनी यांना ‘बास्टर्ड’ म्हटल्याचा. पुढे भारतीय संघाने ती तक्रार मागे घेतली. वर्णद्वेषी शेरेबाजीच्या आरोपावरून हरभजनवर घातलेली तीन कसोटींची बंदी अपिलात उठली, आणि दंड झाला तो अपशब्दांसाठी. एका देशात खपून जाणारा शब्द दुसऱ्या देशात आईपर्यंत पोहोचतो, हे त्या आठवड्यात दोन्ही संघांना कळलं.

पण या फरकाची ढाल करू नये, हेही सांगितलं पाहिजे. वर्णावरून, देशावरून, धर्मावरून केलेली टिप्पणी ऑस्ट्रेलियातही सलगीत मोडत नाही. ‘अरे, आम्ही असंच बोलतो’ असं कुणी म्हणालं तरी ते मान्य करायची गरज नाही.

### ‘हो, नाही’ म्हणजे काय?

‘येह, नाह’ असं उत्तर आलं तर शेवटचा शब्द धरायचा. ‘येह, नाह’ म्हणजे तुझं म्हणणं ऐकलं, पण नाही. ‘नाह, येह’ म्हणजे हो. सरळ नकार देणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आधी होकाराची उशी ठेवतात.

‘हाऊ यू गोइंग?’ हे ‘कसे आहात?’ असं आहे. ‘ट्रेनने’ हे उत्तर नव्हे. ‘कॅच यू लेटर’ म्हणजे फक्त निरोप, संध्याकाळी वाट पाहत बसू नका. ‘नॉट बॅड’ ही बऱ्याचदा मोठी शाबासकी असते. नवीन नोकरीतला मुलगा आठवडाभर राबून काम दाखवतो, साहेब ‘नॉट बॅड’ म्हणतात, आणि मुलगा घरी फोन करून सांगतो की काम आवडलेलं दिसत नाही. कमी बोलून जास्त सुचवायची ही रीत एकदा कळली की असे गैरसमज टळतात.

### याने खरंच काही अडतं का?

गमतीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. दवाखान्याचं उदाहरण घ्या. ‘फीलिंग अ बिट क्रुक’ म्हणजे जरा बरं वाटत नाही. ‘क्रुक’ म्हणजे लबाड एवढंच ठाऊक असलेली नर्स गोंधळते. ते ओलांडलं तरी पुढे ‘अ बिट’ आहेच. खेड्यातला म्हातारा शेतकरी छातीत दुखत असतानाही ‘अ बिट क्रुक’ म्हणू शकतो, कारण कुरकुर करणं त्याला कमीपणाचं वाटतं. परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या नर्सलाही हे वॉर्डातच शिकावं लागतं. अशा वेळी थेट विचारावं: दुखणं शून्य ते दहात किती? आकडा मोघम राहत नाही.

बांधकामावर कुणी ‘शील बी राइट’ म्हणालं, म्हणजे ‘होईल नीट, काळजी नको’, तर शिडी स्वतः तपासावी. यंत्र ‘बंग’ आहे म्हटलं तर त्याला हात लावू नये. ‘सिकी’ म्हणजे आजारपणाचं निमित्त करून मारलेली दांडी, त्यामुळे खऱ्या आजाराची रजा मागताना तो शब्द वापरू नका. पबमध्ये ‘युअर शाउट’ म्हणजे आता सगळ्यांचे पैसे तुम्ही द्यायचे. चौघांनी एकेक फेरी दिली आणि पाचवा गप्प बसला, तर ते लक्षात राहतं. दारू न पिणाऱ्याने आपलं लिंबूपाणी घेऊन आपली फेरी द्यावी, कुणाची काही हरकत नसते. आणि क्लबच्या दारावर ‘थाँग्ज’ चालणार नाहीत असं लिहिलेलं असेल, तर ते रबरी चपलांबद्दल आहे.

### ही बिघडलेली इंग्रजी नव्हे का?

ऑस्ट्रेलियन लोकांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. रेडिओवर लंडनच्या धाटणीचे उच्चार चालत, शाळेत हे शब्द खोडले जात. १९८१ मध्ये मॅक्वायरी शब्दकोश आला आणि १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी. त्यांनी या शब्दांना तारखांसह, दाखल्यांसह जागा दिली. २०१६ मध्ये त्या दुसऱ्या कोशाच्या केंद्राने ‘डेमॉक्रसी सॉसेज’ हा वर्षाचा शब्द निवडला. तिथे मतदान सक्तीचं आहे, आणि मतदान केंद्राबाहेर शाळेच्या मदतीसाठी भाजलेले सॉसेज विकले जातात, त्याचं हे नाव.

आणि तुम्हीही यातला एक शब्द रोज वापरता. ‘सेल्फी’. त्याचा आतापर्यंत सापडलेला सर्वांत जुना लेखी वापर सप्टेंबर २००२ चा आहे, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावरचा. एका तरुणाने मित्राच्या वाढदिवशी पडून ओठ फोडून घेतला, त्याचा स्वतःच काढलेला अस्पष्ट फोटो टाकला आणि तो सेल्फी असल्याचं सांगून माफी मागितली. तेच ‘ई’चं शेपूट. २०१३ मध्ये ऑक्सफर्डने तो वर्षाचा शब्द ठरवला.

### सगळे असेच बोलतात का?

नाही. ‘कॉबर’ (दोस्त), ‘बॉन्झर’ (झकास), ‘शीला’ (बाई) हे पर्यटकांच्या टीशर्टवरचे शब्द आज तरुणांच्या तोंडी क्वचितच येतात. बाईला ‘शीला’ म्हणणं अनेकींना आवडत नाही. शहरात कमी, खेड्यात जास्त, वकिलाच्या कचेरीत कमी, कारखान्यात जास्त, असा फरक आहे. पश्चिम सिडनीच्या मुलांच्या बोलण्यात लेबनीज घरांतून आलेले ‘यल्ला’ (चल), ‘हबीब’ (दोस्ता) सहज येतात.

राज्यागणिकही बोली बदलते. पोहायचे कपडे सिडनीत ‘कॉझी’ किंवा ‘स्विमर्स’, क्वीन्सलंडात ‘टॉग्ज’, मेलबर्नला ‘बेदर्स’. सिडनीत ‘स्कूनर’ मागितला तर ४२५ मिलिलिटरचा बिअरचा ग्लास येतो, ॲडलेडमध्ये तोच शब्द २८५ चा.

### मग आपण बोलायचं का?

समजून घ्यायला पहिल्या दिवसापासून लागा, बोलायची घाई करू नका. ‘आर्व्हो’, ‘ब्रेकी’, ‘नो वरीज’ हे कुणाच्याही तोंडी खपतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप येतात. ‘फेअर डिंकम’ किंवा ‘गुड्डाय मेट’ मुद्दाम जोर देऊन म्हटलं की नक्कल केल्यासारखं वाटतं. शिव्या तर ऐकाव्यात, उचलू नयेत. कुठला शब्द नाही कळला तर विचारायला संकोच नको. ते लोक आनंदाने सांगतात, आणि त्यावरून अर्धा तास गप्पाही होतात.

राहतं तुमचं स्वतःचं नाव. कामावरच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला शेपूट जोडेल. आवडलं तर राहू द्या, ते तुम्हाला आत घेणंच आहे. नाही आवडलं, तर त्याच दिवशी हसून सांगा, मला ‘अनिरुद्ध’च म्हणा, आणि दोनदा सावकाश उच्चारून दाखवा. महिनाभराने सांगायला गेलात तर उशीर झालेला असेल. तोवर ते नाव उपाहारगृहातल्या कपावर लिहिलेलं असतं आणि नवीन येणाऱ्याला तुमची ओळखही त्याच नावाने करून दिली जाते.